चार दिवसांआड

कॅलेंडरवर मी पाण्याच्या दिवसाला निळा ठिपका देते.
चार दिवसांआड एक.
गॅसच्या नंबराला लाल, पोरांच्या फीला गोल.
या महिन्यात सहस्रानं पेन्सिलीनं
एका रविवारात पक्षी काढला,
पंख म्हणून दोन रेघा, चोच विसरली,
आणि तो नेमका ठिपक्यावर जाऊन बसला.

समुद्रपक्षी बघायचेत तिला.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, कुरव म्हणतात त्यांना,
थंडीत उजनीच्या फुगवट्यावर उतरतात,
डोळ्यामागं काळा डाग,
काजळ पुसताना राहून गेल्यासारखा.
सासूबाईंनी सुपातून मान वर केली :
समुद्राचे पक्षी धरणावर कशाला?
वाट चुकले, का त्यांचा बी मालक बदलला?

समुद्र आमच्यात एकट्या मामंजींनी पाहिलाय.
भिवंडीच्या कारखान्यात होते, तेव्हा एका सुट्टीला.
कसा होता विचारलं की म्हणतात,
पाणी होतं.
भरायचं नव्हतं.

मग बैठक बसली.
यादगिरी भावजींची ओम्नी. माणसं नऊ, सीटा सात.
लोहित मांडीवर, त्याच्या मांडीवर डबा.
पहाटे साडेतीनला निघायचं,
मोहोळला कुणी चहा म्हणायचं नाही,
टेंभुर्णीला म्हणायचं.
भिगवणच्या अलीकडं कुठल्या फाट्याला वळायचं
यावर दोघा भावांचा अर्धा तास.
होडीवाला फोनवर म्हणाला, शेव आणा,
शेव उधळली की डोक्यावर येतात.
जाऊबाई म्हणाल्या, दोन किलो घ्या,
एक किलो इंदापूरच्या आत आपलेच पक्षी संपवतील.
कडक भाकरी, चटणी, लोहितसाठी उलटीच्या पिशव्या,
आणि गौस फोटोग्राफरची दुर्बीण,
जिच्यातून एकाच डोळ्यानं दिसतं.

सगळं ठरलं.
तेव्हा मी ठिपका दाखवला.

कुणी बोलेना.
नळाचा दिवस सोडून घर कसं सोडायचं?
दोन बॅरल, अकरा घागरी, मोरीतला हौद,
आणि पाणी पहाटे येतं का रात्री
ते चावीवाल्याला ठाऊक.
पुढचा रविवार? अंबादासची पाळी.
त्याच्या पुढचा? जाऊबाईंच्या भावाचं लग्न.
मग परीक्षा, मग ऊन,
मग पक्षी आपल्या गावाला.
सहस्रानं खोडरबर आणला
आणि ठिपका पुसायला लागली.
निळा बॉलपेन. पुसतंय कुठं.
कागद तेवढा फाटला.

मामंजी म्हणाले, मी थांबतो.
माझ्या गुडघ्याला होडी चालायची नाही.
ती म्हणाली, आजोबा, नळाचं पाणी पण उजनीचंच ना?
होय की, तिथनंच येतंय.
पक्षी तेवढे गाळून घेतात.
सगळे हसले. ती नाही हसली.

शनिवारी रात्री भांडी आवरताना
मी बॅरलचं झाकण उघडलं.
तळाला वीतभर उरलेलं,
जरा गाळ, जरा शेवाळाचा वास.
याच्यावर कुणीतरी बसलं असेल,
चोच पंखात खुपसून झोपलं असेल,
मग ते पाणी इतक्या लांब पाइपातून
अंधारात चालत आलं
आणि मी त्यात फडकं पिळलं.
झाकण लावलं. डाळ भिजत घातली.
कशाला घातली, उद्या घरी कोण आहे,
ते आता आठवत नाही.

साडेतीनचे चार झाले.
ओम्नीत सासूबाई पुढं, त्यांना मळमळतं म्हणून,
मागं आम्ही एकमेकांच्या कोपरात.
मामंजी दारात. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला,
हातात नळी, पाण्याचा पत्ता नाही.
ताण्याचे धागे मोजण्यात त्यांची हयात गेली,
एक तुटला तरी अंधारात बोटाला कळायचा.
काचेवर टकटक करून
सहस्राला म्हणाले :
लय होते, असं सांगत येऊ नको.
आकडा आण.